जाते तेवढी परत येते

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर एक छोटीशी बातमी अधूनमधून दिसू लागते. कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली, धुणे टाकणारी बाई तारेला चिकटली, तिला सोडवायला नवरा धावला आणि दोघेही गेले. कधी तारेच्या जागी विहिरीवरची मोटर असते, कधी पाण्याचा हीटर, कधी लोखंडी कुलर. बातमी पाच-सहा ओळींची. गावाचे नाव तेवढे बदलते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत गेली काही वर्षे विजेच्या धक्क्याने दगावणाऱ्यांचा देशभरातला आकडा दरवर्षी दहा हजारांच्या वर राहिला आहे.

यातले बरेचसे मृत्यू टळू शकतात, आणि ते टाळण्यासाठी लागणारे विज्ञान काही फार अवघड नाही. ते शाळेच्या पुस्तकात आहे. आपण ते परीक्षेपुरते पाठ केले आणि पुढे ‘विजेचे काम वायरमनचे’ म्हणून सोडून दिले. खरे तर त्या साऱ्या धड्याचे सार एका वाक्यात सांगता येते : वीज जिथून निघते तिथे तिला परत यावेच लागते आणि जेवढी जाते तेवढीच परत येते. हे एक वाक्य नीट उमगले की घरातला दिवा का लागतो, फ्यूज का उडतो, तारेवरचा कावळा का मरत नाही आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस का मरतो, या सगळ्यांची उत्तरे त्यातूनच निघतात.

एक सेल, एक बल्ब, एक तार

घरात मुले असतील तर आज दुपारी एक प्रयोग करून पाहावा. बॅटरीतला दीड व्होल्टचा एक सेल घ्या, बॅटरीचा जुन्या पद्धतीचा छोटा बल्ब घ्या (शाळेच्या प्रयोगांचे साहित्य विकणाऱ्या दुकानात तो मिळतो) आणि टोके सोललेला वायरचा एकच तुकडा घ्या. एवढ्यावर बल्ब लावून दाखवा, असे सांगा. मुलेच काय, मोठी माणसेही सुरुवातीला बल्बचे बूड सेलच्या टोकाला नुसते टेकवून पाहतात. बल्ब लागत नाही. मग वायर सेलच्या टोकाला लावून बल्बच्या बुडाला लावतात. तरीही नाही.

बल्बला दोन दारे असतात, हे इथे ध्यानात येते. बुडाशी असलेला शिशाचा ठिपका हे एक दार आणि भोवतालची धातूची गुंडाळी हे दुसरे. ठिपका सेलच्या वरच्या टोकावर टेकवायचा, वायरचे एक टोक गुंडाळीला आणि दुसरे सेलच्या तळाला लावायचे. लगेच प्रकाश पडतो. सेलच्या एका टोकापासून बल्बमधून, बल्बमधून तारेत आणि तारेतून सेलच्या दुसऱ्या टोकाशी असा रस्ता पुरा झाला. या पुऱ्या झालेल्या रस्त्याला शाळेच्या पुस्तकात ‘परिपथ’ म्हणतात आणि बाजारात ‘सर्किट’. रस्त्यात कुठेही केसाएवढी फट राहिली तरी काम थांबते. भिंतीवरचे बटण म्हणजे हवी तेव्हा पाडता आणि बुजवता येईल अशी फट, दुसरे काही नाही.

त्या फटीत आता वेगवेगळ्या वस्तू ठेवून पाहा. चमचा, नाणे, किल्ली ठेवली तर बल्ब लागतो. रबर, काडी, प्लॅस्टिकची पट्टी ठेवली तर लागत नाही. दोन्ही बाजूंनी टोक काढलेली पेन्सिल ठेवली तर बल्ब अगदी मंद लागतो किंवा लागतच नाही. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट. ते वीज जाऊ देते, पण अडवत अडवत. एका दुपारीत मुलाला वाहक, रोधक आणि रोध हे तिन्ही शब्द व्याख्या पाठ न करता कळतात. मात्र हा खेळ सेलवरच. भिंतीतल्या विजेवर यातला कुठलाही प्रयोग करायचा नाही, हे आधी बजावून ठेवावे.

असा सतत चालणारा प्रवाह माणसाच्या हाती आला तो १८०० साली. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्यांच्या जोड्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घातले आणि या चवडीची दोन टोके तारेने जोडली. प्रवाह वाहू लागला. सेलचा पूर्वज तो हाच. दाब मोजण्याच्या एककाला ‘व्होल्ट’ हे नाव या व्होल्टावरून पडले.

दाब, प्रवाह आणि रोध

विजेचे तीन शब्द समजून घ्यायला गच्चीवरची पाण्याची टाकी उपयोगी पडते. टाकी जितकी उंच तितका नळाला दाब जास्त. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. नळातून दर सेकंदाला किती पाणी वाहते तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. नळ बारीक असेल, आत गंज धरला असेल, तर पाणी अडते. विजेच्या वाटेतल्या या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. जर्मनीतल्या कोलोन गावी शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहम या मास्तरांनी हा नियम १८२७ साली पुस्तकातून मांडला. मायदेशात सुरुवातीला त्यांची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र १८४१ मध्ये त्यांना कोप्ले पदक दिले.

पाण्याची उपमा एका जागी मात्र तोकडी पडते. नळ फुटला तर पाणी सांडते. तार तुटली तर वीज सांडत नाही, ती थांबते. कारण तिला परतीचा रस्ता लागतो. गुस्टाव किरखॉफ या २१ वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याने १८४५ साली हे नियमात बांधले : तारांच्या कुठल्याही सांध्यावर जेवढा प्रवाह येतो तेवढाच तिथून निघतो. मध्येच कुठे तो साठत नाही आणि संपतही नाही.

मग आपण बिल कशाचे भरतो? बल्ब ‘वीज खातो’ असे आपण म्हणतो, पण बल्ब प्रवाह खात नाही. फेजमधून जेवढा प्रवाह बल्बमध्ये जातो तेवढाच त्याच क्षणी न्यूट्रलमधून बाहेर पडतो. बल्बमध्ये उतरते ती ऊर्जा. पाणचक्कीवरून गेलेले पाणी जेवढ्यास तेवढे खाली पोहोचते, पण त्याच्या पडण्यातला जोर चक्कीने घेतलेला असतो, तसेच हे. मीटर त्या ऊर्जेचा हिशेब ठेवतो. १००० वॅटची इस्त्री तासभर तापली की एक युनिट. ९ वॅटचा एलईडी दिवा त्याच एका युनिटवर सुमारे १११ तास जळतो.

आणखी एक गंमत. बटण दाबताच दिवा लागतो म्हणून तारेतले इलेक्ट्रॉन भन्नाट वेगाने धावत असतील, असे वाटते. पण बॅटरीच्या सर्किटात ते सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत. घरातल्या विजेची दिशा तर सेकंदाला ५० वेळा जा-ये करते, त्यामुळे तिथले इलेक्ट्रॉन जागच्या जागी मागेपुढे होतात. वेगाने पोहोचतो तो धक्का. आगगाडीचे इंजिन हलले की शेवटचा डबा लगेच हलतो, तसा.

गणपतीची माळ आणि घराची वायरिंग

गणपतीच्या मखराला लावायच्या जुन्या माळा अनेकांना आठवत असतील. एक बल्ब गेला की सगळी माळ बंद, आणि मग एकेक बल्ब हलवून पाहत बसायचे. त्या माळेत बल्ब एकामागून एक असे ‘एकसर’ जोडलेले असत. प्रवाहाला एकच वाट, सगळ्यांमधून जाणारी. घरात २३० व्होल्ट येतात आणि माळेतला बल्ब सुमारे सहा व्होल्टचा. म्हणून अडतीस-चाळीस बल्ब एका ओळीत लावून दाब वाटून घेतलेला असे. एकाने वाट तोडली की सगळेच अंधारात.

घराची वायरिंग अशी असती तर स्वयंपाकघरातला दिवा बंद करताच फ्रिजही थांबला असता. म्हणून घरातल्या वस्तू ‘समांतर’ जोडतात. शिडीच्या दोन उभ्या काठ्यांपैकी एक फेज, दुसरी न्यूट्रल, आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक उपकरण. प्रत्येकाला पुरे २३० व्होल्ट मिळतात आणि प्रत्येकाची वाट स्वतंत्र. पण प्रत्येक नवी पायरी म्हणजे प्रवाहाला आणखी एक वाट, आणि या साऱ्या वाटांचा प्रवाह शेवटी त्याच दोन काठ्यांतून जातो-येतो. १००० वॅटच्या इस्त्रीला ४ अँपिअरच्या थोडा वर, २००० वॅटच्या गीझरला जवळपास ९ अँपिअर प्रवाह लागतो. एका एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री, हीटर आणि ओव्हन असे तिघे बसवले, तर बोर्डाच्या बारीक वायरीला तिघांचे ओझे एकटीने वाहावे लागते. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. प्लॅस्टिक मऊ पडते, करपल्याचा वास येतो. त्या वासाकडे कधीही दुर्लक्ष करू नये.

या तापण्यावरचा इलाज म्हणजे फ्यूज. मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आधी तो वितळतो आणि भिंतीतली तार वाचते. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार पिळून बसवणारे महाभाग आपल्याकडे पुष्कळ आहेत. कच्चा दुवा त्याने नाहीसा होत नाही. तो बोर्डावरून उठून भिंतीच्या आत जाऊन बसतो. हल्ली फ्यूजची जागा एमसीबीने घेतली आहे. तो वितळत नाही, खटकन खाली पडतो. पण काम तेच : तारांचे रक्षण.

तारांचे. माणसांचे नव्हे.

ना फ्यूज, ना एमसीबी

इथे एक फार मोठा आणि घातक गैरसमज आहे. ‘आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक बसलाच तर खाली पडेल,’ असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. आकडे पाहू. जुना ‘झिरोचा’ बल्ब साधारण १५ वॅटचा असे. त्याला लागणारा प्रवाह ६५ मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा पंधरावा हिस्सा. माणसाच्या शरीरातून सुमारे एक मिलिअँपिअर गेला की मुंग्या येतात. दहाच्या पुढे स्नायू आखडतात, हाताची मूठ सुटत नाही. माणूस तारेला ‘चिकटतो’ तो असा. तीसच्या वर प्रवाह काही काळ टिकला तर श्वास आणि हृदय धोक्यात येते. झिरोचा बल्ब ज्यावर नीट पेटणार नाही, तेवढ्या विजेने माणूस जाऊ शकतो. आणि एमसीबी असतो सहा, दहा, सोळा अँपिअरचा, म्हणजे हजारो मिलिअँपिअरचा. माणसातून जाणारा प्रवाह त्याच्या हिशेबी कुठे जमेलाच नसतो.

शरीरातून नेमका किती प्रवाह जाईल, ते ओहम मास्तरांचा नियम सांगतो. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहमचा असतो. पन्नास हजार धरला तर २३० व्होल्टला पाच मिलिअँपिअरही जात नाही, नुसता झटका बसतो. तेच अंग ओले असेल तर रोध हजार ओहमच्या आसपास घसरतो आणि प्रवाह होतो २३० मिलिअँपिअर. व्होल्ट तेच, माणूसही तोच, फरक पाण्याचा. न्हाणीघर, मोरी, विहीर आणि पावसाळा यांची नावे त्या बातम्यांत पुन्हा पुन्हा का येतात, ते यावरून कळावे.

पण माणसाने तर एकच तार धरलेली असते; मग परतीची वाट कुठून आली? ती पायाखालून येते. गावच्या किंवा वस्तीच्या ट्रान्स्फॉर्मरपाशी, ज्याला गावाकडे ‘डीपी’ म्हणतात, न्यूट्रल तार मुद्दाम जमिनीत गाडून जोडलेली असते. फेजला हात लागताच वीज हातातून छातीत, छातीतून पायात, फरशीतून जमिनीत आणि जमिनीतून डीपीतल्या न्यूट्रलला मिळते. परिपथ पुरा. आपण त्यातली एक वायर झालेलो असतो. कावळा तारेवर खुशाल बसतो कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. परतीची वाटच नाही. पंख पसरलेले वटवाघूळ दोन तारांना एकदम शिवते आणि लटकून राहते.

जमिनीकडून परतणारी वीज आपण उपयोगातही आणली आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, तेव्हापासून मुंबईची लोकल वरच्या एकाच तारेवर चालते. वीज छत्रीतून आत येते, मोटरी फिरवते आणि चाकांतून रुळांत उतरून परत जाते. तेव्हा दाब १५०० व्होल्टचा होता, आता २५ हजार व्होल्टचा आहे. परतीची वाट रुळांचीच आहे.

तिसरी पिन

आता त्या कपड्यांच्या तारेकडे येऊ. सोललेली एखादी वायर पत्र्याला टेकते, पत्र्याला धुण्याची तार बांधलेली असते, आणि सगळे लोखंड फेजच्या दाबाने भरून राहते. परतीची वाट नसल्यामुळे काहीच घडत नाही. फ्यूज उडत नाही, ठिणगी पडत नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून कुणीतरी ओले कपडे टाकायला हात लावीपर्यंत सारे शांत असते. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, मोटर यांच्या लोखंडी अंगाचे असेच होऊ शकते.

अर्थिंगचा उपाय यासाठी आहे. उपकरणाचे धातूचे अंग हिरव्या वायरने जमिनीला जोडून ठेवायचे. फेज अंगाला टेकली की विजेला माणसापेक्षा कितीतरी सोपी वाट मिळते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. प्लगची तिसरी पिन यासाठीच. ती इतर दोघींपेक्षा लांब असते, म्हणजे प्लग घालताना आधी जमिनीशी नाते जुळते आणि काढताना सर्वांत शेवटी तुटते. ती जाडही असते, म्हणजे चुकीच्या भोकात जाऊ नये. भोक जुळत नाही म्हणून ही पिन मोडून टाकणे, किंवा तिच्या भोकात काडी घालून दोन पिनांचा प्लग दामटणे, हे आपण सहज करतो. पण ही तिसरी पिन म्हणजे कधीच कामाला न येवो अशी प्रार्थना करावी, तरी जपून ठेवावी, अशी गोष्ट आहे.

अर्थिंगचीही एक मर्यादा आहे आणि ती आपल्या मातीतली आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून ओल टिकवण्याची जुनी रीत आहे, कारण कोरडी जमीन वीज नीट नेत नाही. आपल्याकडे कुठे मुरूम, कुठे काळा कातळ, कोकणात जांभा. अशा जागी अर्थिंगचा रोध वीस ओहम जरी निघाला, तरी २३० भागिले वीस म्हणजे जेमतेम साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी पडणार नाही. उपकरणाचे अंग जिवंतच राहील.

हिशेब ठेवणारी पेटी

यावरचे उत्तर त्याच जुन्या वाक्यात आहे. जाते तेवढी परत आली पाहिजे ना? मग दारातच हिशेबनीस बसवायचा. बाजारात याला ‘आरसीसीबी’ म्हणतात; जुने वायरमन अजून ‘ईएलसीबी’ म्हणतात. घरात येणारी फेज आणि बाहेर जाणारी न्यूट्रल या दोन्ही तारा त्याच्या आतल्या एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. थोडा प्रवाह जरी तिसऱ्याच वाटेने, म्हणजे एखाद्या माणसातून जमिनीत गेला, तर हिशेब जुळत नाही आणि पेटी वीज तोडते. घरासाठीची पेटी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत पडते. फरक मोठा असेल तर त्याहून कितीतरी लवकर. झटका बसतो, पण जीव वाचण्याची शक्यता फार वाढते.

तिलाही दोन गोष्टी कळत नाहीत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली तर जाणे-येणे सारखेच राहते. तिच्या लेखी तो माणूस म्हणजे आणखी एक बल्ब. आणि तारांवर ओझे फार झाले तरी ती पडत नाही. म्हणून एमसीबी तारांसाठी, अर्थिंग उपकरणाच्या अंगासाठी आणि आरसीसीबी माणसासाठी, तिघेही हवेत.

घरात आणखी दोन-तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात. बटण फेजवर आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. ते न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो, पण होल्डर जिवंत राहतो आणि बल्ब बदलताना शॉक बसतो. कपड्यांसाठी धातूच्या तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधावी. रस्त्यात तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नये. ती मेलेली दिसते, पण परतीच्या वाटेची वाट पाहत असते. आणि कुणी चिकटलेच, तर आधी मेन स्विच. त्याला हाताने ओढायला जाणारा स्वतःच परिपथात सामील होतो. बातमीत एकाच्या जागी दोन नावे येतात ती अशी. स्विच सापडतच नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. सुटल्यावर श्वास चालू नसेल तर छाती दाबण्याचा प्रथमोपचार लगेच सुरू करावा आणि १०८ला फोन करावा.

आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण असते. ते दाबले की पेटी स्वतःच हिशेबात थोडी खोट घालते आणि आपण पडतो की नाही, हे दाखवते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचे असते; बहुतेक घरांत ते बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेले नसते. आज रविवार आहे. मीटरच्या पेटीपाशी जाऊन ते दाबून पाहा. खटका पडला आणि घरातला पंखा थांबला, तर पुन्हा वर करून निश्चिंत जेवायला बसा. पडला नाही, किंवा असे बटणच सापडले नाही, तर वायरमनला उद्याच बोलवा.